हात वर केला होता ना?

एक सीन आठवा. कॅम्पची शेवटची रात्र. शेकोटी विझत आलेली, गिटारवर तेच तीन कॉर्ड पुन्हा पुन्हा फिरतायत, आणि समोर उभे असलेले पाहुणे वक्ते हळू आवाजात विचारतात, "कोण जाईल?" कुठे जायचं, किती दिवसांसाठी, कोणाबरोबर, यातलं काही सांगितलेलं नसतं. तरी हात वर जातात. कोणी रडतं. शेजारची रडते म्हणून आपल्यालाही भरून येतं. आणि आपलाही हात वर जातो.

माझाही गेला होता. एकोणीस वर्षांची होते, सेकंड इयरला. आमच्या नगरच्या चर्चच्या तरुण संघासोबत गेले होते. त्या रात्री आम्ही तीसेक जण पुढे गेलो. वक्त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, कोणीतरी वहीत नावं आणि नंबर लिहून घेतले. परतीच्या बसमध्येच व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. नाव ठेवलं 'पाठवलेले', डीपीला डोंगराकडे जाणारा रस्ता. आज तीन वर्षांनी त्या ग्रुपवर काय येतं? सकाळी वचन, वाढदिवसाला केक, नाताळात स्टिकर, मध्येच कोणाचं तरी "अर्जंट ओ पॉझिटिव्ह हवंय". तीसातली एकच जण खरोखर गेली. ती मी नाही.

चर्चशी काही संबंध नसलेले वाचक आता पान उलटायच्या बेतात असतील, तर एक मिनिट. आमच्यात याला 'पाचारण' म्हणतात. देवाने हाक मारली, अमुक कामासाठी बोलावलं, या अर्थाने. तुमच्याकडे याला दुसरं काही म्हणत असतील. सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीहून येताना ज्यांना वाटलं होतं की आता आयुष्यभर हेच करायचं, आणि मग प्लेसमेंटचा सीझन आला, त्यांनी वाचलं तरी चालेल. पण मी लिहितेय ते मुख्यतः माझ्यासारख्यांना. ज्यांनी हात वर केला होता त्यांना.

आपण सगळे एकच प्रश्न वर्षानुवर्षं चघळतो: पाचारण खरंच आलं का, की भावनेच्या भरात वाटलं? तो चघळायला सोपा आहे, त्यात खिशातलं काही जात नाही. कॅम्पनंतरच्या सोमवारी तू काय केलंस, हे मात्र कोणी विचारत नाही.

कॅम्पमध्ये हात वर करायचा हा प्रकार आपल्या पिढीचा नाही, आणि त्याचा एक धागा थेट कोल्हापुरात आहे. हे मला कॉलेजच्या असाइनमेंटसाठी वाचताना कळलं आणि मी अक्षरशः उडाले. रॉबर्ट वाइल्डर नावाचा मुलगा 1863 मध्ये कोल्हापुरात जन्मला. वडील रॉयल वाइल्डर हे तिथे मिशनचं काम सुरू करणारे अमेरिकन मिशनरी, 1852 पासूनचे. पुढे कुटुंब अमेरिकेला परतलं आणि रॉबर्ट प्रिन्स्टनला शिकायला गेला. 1886 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये माउंट हर्मन इथे मूडी या प्रसिद्ध उपदेशकाने विद्यार्थ्यांचं बायबल शिबिर भरवलं. अडीचशेच्या आसपास पोरं, जवळजवळ महिनाभर मुक्काम. रॉबर्ट तेव्हा बावीस वर्षांचा. म्हणजे माझ्याच वयाचा. तो आला तोच डोक्यात एक विषय घेऊन. घरी बहीण ग्रेस आणि तो मिळून यासाठी प्रार्थना करायचे. शिबिर संपेपर्यंत शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनसाठी सही केली होती.

इथपर्यंत ही गोष्ट आपल्या शेकोटीसारखीच आहे. फरक पुढे आहे. रॉबर्ट आणि त्याचा मित्र जॉन फोरमन पुढचं वर्षभर कॉलेजामागून कॉलेज पालथं घालत फिरले आणि आणखी दोन हजारांवर सह्या गोळा झाल्या. 1888 मध्ये त्याची रीतसर संघटना झाली, स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट. पुढच्या काही दशकांत त्यातून सुमारे वीस हजार तरुण-तरुणी वेगवेगळ्या देशांत गेले. आणि सह्या करून घरीच राहिलेले? ते त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे आपलं 'पाठवलेले' ग्रुपचं दुखणं सव्वाशे वर्षं जुनं आहे, थोडा दिलासा घ्यायला हरकत नाही.

मला यात सगळ्यात भारी वाटलं ते त्या प्रतिज्ञेच्या शब्दांचं. सुरुवातीला मजकुराचा अर्थ असा होता की आम्ही तयार आहोत, आमची तशी इच्छा आहे. पुढे तो बदलला: देवाची मर्जी असेल तर मिशनरी होणं हा माझा उद्देश आहे. 'आम्ही'चं 'माझा' झालं, 'इच्छे'चा 'उद्देश' झाला. कोणाच्या तरी लक्षात आलं असणार की इच्छेवर सही घेऊन फार काही हाती लागत नाही. रॉबर्ट स्वतःही नंतर भारतात आला आणि विद्यार्थ्यांमध्ये काम केलं.

त्या पिढीच्या डोक्यात साम्राज्याची ऐट होती, 'आपण सुधारायला निघालोय' हा भाव होता. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण बाविसाव्या वर्षी स्वतःच्या बोलण्याला धरून राहणं त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

आता उलटी केस. वेल्लोरच्या सीएमसीचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. नातेवाइकांपैकी कोणीतरी तिथे तपासायला जाऊन आलेलं असतंच. ते हॉस्पिटल ज्या बाईने उभं केलं, त्या आयडा स्कडर यांना मिशनरी व्हायचंच नव्हतं. 1870 मध्ये भारतात जन्म, अख्खं घराणं मिशनरी डॉक्टरांचं, लहानपणी दुष्काळ बघितलेला. अमेरिकेत शिकायला गेल्यावर तिने ठरवून टाकलं होतं, परत त्या धुळीत जायचं नाही. आई आजारी पडली म्हणून 1890 मध्ये तमिळनाडूत परतली, तीही थोड्या दिवसांसाठी. मग ती प्रसिद्ध रात्र. एकामागून एक तीन पुरुष दारात आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या. आयडाचे वडील डॉक्टर होते, पण पुरुष डॉक्टर बाईला तपासणार हे तिघांनाही चालणार नव्हतं. त्यांना आयडा हवी होती, आणि आयडाला त्यातलं काही येत नव्हतं. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या.

उपदेशात ही गोष्ट साधारण इथे थांबते आणि मग गाणं सुरू होतं. मला त्यानंतरची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. ती रडून थांबली नाही आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गावोगाव निघालीही नाही. ती अमेरिकेला गेली, मेडिकलला प्रवेश घेतला, 1899 मध्ये कॉर्नेलमधून डॉक्टर झाली आणि 1900 मध्ये वेल्लोरला येऊन एका छोट्याशा खोलीत पेशंट बघायला लागली. 1918 मध्ये मुलींसाठी मेडिकल स्कूल. त्या रात्रीपासून पहिला पेशंट बघेपर्यंत जवळपास दहा वर्षं. त्या दहा वर्षांत ॲनाटॉमी होती, फॉर्म होते, परीक्षा होत्या. कॅम्पफायर नव्हता.

आजही चर्चच्या स्पॉन्सरशिपवर सीएमसीला एमबीबीएस करणाऱ्यांना शिक्षणानंतर दोन वर्षं पाठवणाऱ्या संस्थेसाठी गरजेच्या ठिकाणी काम करावं लागतं. तसा बाँडच असतो. मला ही पद्धत आवडते. पाचारणाला तारीख घातली की ते जरा शुद्धीवर येतं.

बरं, मिशन म्हणजे गोऱ्यांनी करायचं काम, असं कोणाला वाटत असेल तर नगरला या, मी फिरवते. परदेशात शिकून आलेल्या डॉ. भा. पां. हिवाळे यांनी 1947 मध्ये अहमदनगर कॉलेज काढलं, त्या कॉलेजात तुमच्यापैकी काही जण आज अटेंडन्सवरून भांडत असाल. कोरोनाच्या पहिल्या लाटेत, 2020 मध्ये, शहरात जो तो दार लावून बसला होता, तेव्हा साल्व्हेशन आर्मीच्या बूथ हॉस्पिटलात पेशंट घेतले जात होते. आणि माझी पणजी बायबलबाई होती. म्हणजे गावोगाव पायी जाऊन बायकांना वाचायला शिकवणारी, बायबल वाचून दाखवणारी, आणि घरात कोणी आजारी असलं तर चूल पेटवून देऊन मगच निघणारी. नेवाशाच्या बाजूची सगळी पायवाट तिला पाठ होती, असं आजी सांगते. तिला मी कधी पाहिलं नाही. तिच्या चपला फाटायच्या म्हणून मिशनकडे दोन जोड मागितले तर एकच मिळाला, एवढी एक गोष्ट घरात शिल्लक आहे.

जी खरोखर गेली तिच्याबद्दल आता. नाव छापायचं नाही अशी तिची अट आहे, म्हणून नुसतं 'ती'. कॅम्पच्या रात्री ती रडलीही नव्हती. हात कानाएवढाच वर केला होता, अर्धवट. पण सोमवारी तिने पाळकसाहेबांना गाठून विचारलं, "मला नर्सिंग येतंय, तर कुठे जाऊ?" सुट्टीत पंधरा दिवस जाऊन आली. परत येऊन जीएनएम पूर्ण केलं, परीक्षा दिली, रजिस्ट्रेशन केलं, अर्ज केला. आज चौदा महिने झाले, नंदुरबार जिल्ह्यात एका मिशन हॉस्पिटलात आहे. पुण्यातल्या खासगी हॉस्पिटलात मिळाला असता त्याच्या निम्माही पगार नाही. मेसमध्ये भोपळा, आणि मग परत भोपळा.

तिला मी फोनवर विचारलं, तिथे गेल्यावर पहिला धक्का कसला बसला? मला वाटलं गरिबी म्हणेल. ती म्हणाली, "हो." म्हणजे 'हो' हा शब्द. ती मराठीत विचारायची, पोटात दुखतंय का? पेशंट म्हणायचा, हो. दुखत नाहीये ना? हो. गोळ्या घेतल्या का? हो. आठवड्याने लक्षात आलं की समोरच्याला मराठी कळतच नाहीये, तो आपल्या युनिफॉर्मला मान देतोय. मग वॉर्डातल्या मावशींकडून ती रोज पाच शब्द मावची शिकायला लागली. मावशींनी अट घातली, चुकलं की मी हसणार. हसायच्या. आता पेशंट तिला 'नाही' म्हणतात. हे ती अशा आवाजात सांगत होती जणू प्रमोशन झालंय.

पावसाळ्यात साप चावलेले येतात, कधी मांत्रिकाकडे अर्धा दिवस घालवून. सिकलसेलची पोरं येतात, कळा सहन करून दमलेली. टीबीचे पेशंट दोन महिन्यांत बरं वाटलं की गोळ्या सोडतात, त्यांच्या मागे लागावं लागतं. "आणि प्रार्थना?" मी विचारलं. "नाइट संपली की करते. बऱ्याचदा झोप लागते मध्येच."

आता तो प्रश्न. तो आला नाही असं झालंच नाही. मास कॉमच्या वर्गात हा विषय मांडला तेव्हा पहिल्याच बाकावरून आला: "म्हणजे धर्मांतरच ना?" विचारणारा माझा चांगला मित्र आहे, टोमणा नव्हता त्यात. म्हणून नीट उत्तर देते.

घटनेचं कलम 25 प्रत्येकाला आपला धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क देतं. आणि प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने 1977 मध्येच सांगितलंय. मला दोन्ही मान्य आहे. माझा विश्वास मी लपवणार नाही, कोणी विचारलं तर सांगेन. पण सलाईन लावलेल्या माणसाला अगतिक अवस्थेत गाठून काही गळी उतरवणं, धान्याच्या पोत्याबरोबर अट घालणं, हे आमच्याच भाषेत पाप आहे. तसं कुठे होत असेल तर ते आम्ही ख्रिश्चन तरुणांनी सगळ्यात आधी बोललं पाहिजे, बाहेरच्यांच्या आधी. आणि जाता जाता, ते 'मिशन ट्रिप'चे रील. आदिवासी पोराला कडेवर घेऊन, स्लो मोशन, मागे व्हायोलिन. त्या पोराच्या आईला विचारलं होतं का?

पण मित्रा, दुसरी बाजूही बघ. 1827 मध्ये सिंथिया फरार नावाची बिनलग्नाची अमेरिकन बाई मुंबईला उतरली, नंतर नगरला येऊन मुलींच्या शाळा चालवत राहिली, तिथेच 1862 मध्ये वारली. तिची नगरची शाळा पाहून जोतिराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढायचा हुरूप आला, आणि सावित्रीबाईंच्या शिक्षिकेच्या प्रशिक्षणातही तिचा वाटा आहे. जोतिराव ख्रिश्चन झाले नाहीत. त्यांनी घ्यायचं ते घेतलं आणि आपल्या वाटेने गेले. मला वाटतं चांगल्या मिशनची हीच खूण असावी, की समोरच्याला आपल्या वाटेने जाता आलं.

घरच्यांचं काय? इथे माझ्याकडे शहाणपण नाही. माझी आई रोज सकाळी मिशनऱ्यांसाठी प्रार्थना करते, आणि मी विषय काढला की म्हणते, "दुसऱ्यांच्या मुली नाहीत का?" तिला हसू नका. तिच्या पिढीला जानेवारी 1999 आठवतो. ओडिशात मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, फिलिप आणि टिमथी, रात्री गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. मुलं दहा आणि सहा वर्षांची. आईने ती बातमी वाचली तेव्हा मी जन्मायची होते. पण त्याच बातमीचा पुढचा भाग मी तिला वाचून दाखवला: ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना माफ केल्याचं सांगितलं आणि त्या लगेच निघून गेल्या नाहीत. बारीपदाला कुष्ठरोग्यांचं काम पुढे चालवत राहिल्या, 2005 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आई ऐकून गप्प बसली. मग म्हणाली, "तिचं तिला माहीत." संभाषण संपलं. भीती आहेच, खोटं कशाला बोला. कदाचित आईबापांना 'देवाने सांगितलंय' म्हणून गप्प करण्यापेक्षा त्यांना तिथला पत्ता, तिथल्या सिस्टरचा फोन नंबर आणि परतीचं तिकीट दाखवलेलं बरं.

आता थोडं कामाचं. पंधरा दिवस तरी आधी बघून या, थेट तीन वर्षांच्या गप्पा मारू नका. हातात काही कला असू द्या. मिशन हॉस्पिटलं आणि शाळांना 'काहीही करीन' म्हणणारे नको असतात, लॅब टेक्निशियन, अकाउंट्स बघणारा, गणित शिकवणारी, जनरेटर दुरुस्त करणारा हवा असतो. भाषा शिकायची तयारी ठेवा, ते 'हो' लक्षात आहे ना. ज्या संस्थेत जाताय तिचा हिशेब, तिची नोंदणी विचारा. विचारल्यावर जे चिडतात त्यांच्याकडे जाऊ नका. मी एका संस्थेला मेल केला होता, दोन महिने उत्तर नाही. आधी मी तोच 'देवाचा नकार' समजले. नंतर कळलं, तो इनबॉक्स कोणी उघडतच नव्हतं. फोन करा.

आणि जायचं नसेल तर तसं स्वतःला सांगून टाका. घरी आजारी बाप आहे, धाकट्याची फी आहे, किंवा खरं म्हणजे आवडत नाही, चालेल. 'नाही' म्हटलेला माणूस निदान तिला महिन्याला पाचशे रुपये पाठवू शकतो. 'बघू' म्हणणारा तेही करत नाही. मी तीन वर्षं 'बघू'मध्ये होते. या काळात मी पाचारणावर दोन साक्षी दिल्या, एक पोस्टर डिझाइन केलं आणि एक पॉडकास्ट काढायचं ठरवलं. तिच्या हॉस्पिटलचा पिनकोडही मला माहीत नव्हता.

गेल्या महिन्यात तिला फोन करून विचारलं, नर्सिंग न येणाऱ्या मुलीला तिथे काही काम आहे का? ती हसली. म्हणाली, टीबीच्या गोळ्या मध्येच का सोडायच्या नाहीत हे मावचीत सांगणारा छोटा व्हिडिओ कोणी बनवून दिला तर हवाय. ओपीडीत टीव्ही आहे, त्यावर दिवसभर जाहिराती चालतात. मी म्हटलं, कॅमेरा कॉलेजचा मिळेल, माइक माझा आहे. ती म्हणाली, मावशी बोलतील कॅमेऱ्यासमोर, पण त्यांचीही अट आहे, आधी तू पाच शब्द शिकायचे.

सेमिस्टर संपल्यावर सोमवारच्या रात्रीच्या गाडीचं बुकिंग केलंय, पंधरा दिवसांचं. आईने अजून हो म्हटलेलं नाही. पण काल तिने विचारलं, तिकडे थंडी किती असते, आणि कपाटावरची जाड चादर उन्हात टाकली.